पाच आठवडे उभ्या गाडीची बॅटरी उतरली : घरच्या इन्व्हर्टरवर चार्ज करावी की चार्जर घ्यावा?

मनीषनगर_रहिवासी

एप्रिलच्या अखेरीस आम्ही दोघे पुण्याला मुलीकडे गेलो आणि पाच आठवड्यांनी नागपूरला परतलो. तेवढे दिवस गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी होती आणि त्या जागेवर दुपारी बारानंतर सावलीचा मागमूस नसतो. परतल्यावर रिमोटने दार उघडेना. किल्लीने उघडून चावी फिरवली तेव्हा मीटरमधले दिवे क्षणभर मिणमिणले, स्टार्टरकडून दोन-तीन वेळा कट-कट असा आवाज आला आणि मग सगळेच शांत झाले. शेजाऱ्यांच्या मल्टिमीटरवर बॅटरीचे व्होल्टेज १०.९ भरले.

गाडी पेट्रोलवरची, लहान आहे. बॅटरी ३५ अँपिअर-अवर क्षमतेची, सीलबंद असून तिला दोन वर्षे चार महिने झाले आहेत. मेकॅनिकने बॉनेट उघडताक्षणीच ‘बॅटरी गेली, नवीन टाका’ असे सांगितले. ते खरे असेलही, परंतु काहीही न तपासता दिलेला निर्णय मला पटला नाही. सीताबर्डीवरच्या एका दुकानात दोन अँपिअरचा, पाच अँपिअरचा आणि जुन्या पद्धतीचा वजनदार ट्रान्सफॉर्मरचा असे तीन चार्जर दाखवले गेले. दुसरीकडे घरात १५० अँपिअर-अवरची बॅटरी असलेला इन्व्हर्टर आहेच, त्यालाच गाडीची बॅटरी रात्रभर जोडून ठेवली तर वेगळा खर्च कशाला, असे सौ.चे म्हणणे आहे. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर असून पार्किंगमध्ये वीजजोडणी नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अँपिअर_धरमपेठ

काका, सर्वप्रथम इन्व्हर्टरचा विचार मनातून काढून टाका. हा प्रश्न आपल्याकडे बऱ्याच घरांतून निघतो, म्हणून त्याचे कारण सविस्तर लिहितो. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीसाठी बनवलेला इन्व्हर्टर तिला साधारण १० ते १५ अँपिअरने भरतो, तर आपल्या ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे साडेतीन-चार अँपिअरचा प्रवाह मानवतो. जास्त प्रवाहाने ती तापते, आतले पाणी वायू होऊन निघून जाते आणि सीलबंद बॅटरीत ते पुन्हा भरण्याची सोय नसते. त्याहून मोठा धोका वीज गेली तर आहे, कारण त्या क्षणी पंखे, दिवे, फ्रिज हे सगळे ओझे त्या लहानशा बॅटरीवर येईल. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीच्या प्लेटा जाड असतात आणि तासन्‌तास हळूहळू रिकामे होणे त्या सोसतात. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात, कारण तिचे काम दोन-चार सेकंद शेकडो अँपिअर देण्याचे आहे. पूर्ण रिकामे होणे तिला सोसत नाही.

आता १०.९ या आकड्याविषयी. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी असते आणि ११.८ च्या खाली तिला रिकामीच समजावे. आपली बॅटरी त्याहूनही खाली गेली आहे आणि बहुधा बरेच दिवस तशीच पडून होती. अशा अवस्थेत प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात आणि जितके दिवस जातील तितकी ती क्षमता परत मिळणे अवघड होते. त्यात मे महिन्यातले नागपूरचे ऊन! उष्णतेने आतल्या साऱ्या रासायनिक क्रिया, बॅटरी आपोआप उतरण्याची क्रियासुद्धा, वेगाने होतात. तरीही बॅटरी मेली की केवळ उपाशी आहे हे व्होल्टेजच्या एका आकड्यावरून कळत नाही. ती सावकाश भरून, विश्रांती देऊन, मग भाराखाली तपासावी लागते. बॅटरीवरच्या लहान डोळ्यात हिरवा रंग दिसला तरी त्यावर विसंबू नका, कारण तो डोळा सहापैकी एकाच सेलची स्थिती दाखवतो.

चार्जर घ्यायचा तर पाच अँपिअरपर्यंतचा, प्रवाह आपोआप कमी करत नेणारा आणि शेवटी सुमारे साडेतेरा व्होल्टवर स्थिरावणारा स्वयंचलित चार्जर घ्यावा. दोन अँपिअरचा चालेल, परंतु रिकाम्या बॅटरीला तो जवळजवळ पूर्ण दिवस घेईल. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरमध्ये कट-ऑफ, म्हणजे बॅटरी भरताच आपोआप बंद होण्याची सोय, नसेल तर मीटर लावून राखण बसावे लागते. दुकानदाराला तो जमतो, घरी विसर पडला की बॅटरी उकळते. स्वयंचलित चार्जरची एक अडचण मात्र आहे. व्होल्टेज फारच खाली गेले असेल तर अनेक चार्जरांना बॅटरी जोडल्याचेच कळत नाही आणि ते सुरू होत नाहीत. आपले १०.९ असल्यामुळे ती अडचण बहुधा येणार नाही.

बॅटरी काढून वर घरी न्या. गॅलरीत, स्वयंपाकघरापासून आणि देवघरातल्या दिव्यापासून दूर ठेवा आणि सायंकाळनंतरच चार्जिंगला लावा. चार्जर भरताना देतो ते १४.४ व्होल्ट भर दुपारी पंचेचाळीस अंशांत तिला जास्त होतात. हात लावल्यावर चटका बसेल इतकी तापली तर लगेच बंद करा.

वर्धारोड_प्रवासी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त बॅटरी काढण्याबद्दल लिहितो, कारण माझ्या भावाच्या हाताला याच कामात भाजले होते. आधी ऋण, म्हणजे काळ्या वायरचे टर्मिनल सोडवावे आणि नंतर लाल वायरचे. बसवताना उलट, लाल आधी आणि काळे शेवटी. भावाने लाल टर्मिनलचा नट आधी सैल करायला घेतला, दहा नंबरच्या पान्याचे दुसरे टोक शेजारच्या पत्र्याला टेकले आणि मोठी ठिणगी उडून पाना जागच्या जागी चिकटला. काळी वायर आधी सुटलेली असती तर पाना पत्र्याला लागूनही काही झाले नसते.

कोणी दुसऱ्या गाडीवरून जंपर केबलने सुरू करून देतो म्हटले, तर लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला लावावा, बॅटरीपासून दूर. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असू शकतो. शिवाय गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असे नव्हे. मनीषनगरहून सीताबर्डीपर्यंत एसी लावून जाऊन आल्याने इतकी रिकामी बॅटरी भरत नाही, उलट अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्रावर, नाहक ताण येतो.

हिंगणा_टेक्निशियन

पाच आठवडे हा काळ मोठा असला तरी धडधाकट बॅटरी साधारणतः इतकी खाली जात नाही. गाडीत नंतर बसवलेले काही आहे का? डॅशकॅम, ट्रॅकर, ॲम्प्लिफायर?

मनीषनगर_रहिवासी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाच अँपिअरचा स्वयंचलित चार्जर आणला. बॅटरी काढताना धन टर्मिनलवर पांढरट-निळसर, खडबडीत थर दिसला. खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने तो साफ केला. सायंकाळी सातला चार्जिंग सुरू केले. पहाटे पाचच्या सुमारास चार्जरचा हिरवा दिवा लागला, तेव्हा चिमटे काढले आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली. मग मोजले तर १२.३८ व्होल्ट. त्या रात्री पुन्हा लावली, तेव्हा दुसऱ्या दिवशी १२.४६ झाले. गाडीत बसवून सेल्फ मारला, गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली आणि त्या क्षणी मीटर ९.८ पर्यंत उतरला. इंजिन चालू असताना १४.२ दाखवतो.

होय, मागच्या दिवाळीत एका दुकानातून डॅशकॅम बसवून घेतला होता. गाडी बंद केली की तोही बंद होतो, असे मला सांगण्यात आले होते.

हिंगणा_टेक्निशियन

इंजिन चालू असताना १४.२, म्हणजे अल्टरनेटर ठीक आहे. आता बंद गाडी किती प्रवाह खाते ते पाहा. मीटर दहा अँपिअरच्या जागी लावून काळे टर्मिनल आणि काळी वायर यांच्या मध्ये जोडा, गाडी लॉक करा, किल्ली दूर ठेवा आणि अर्धा तास थांबून आकडा वाचा. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. पन्नास मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नाही.

मनीषनगर_रहिवासी

११० मिलिअँपिअर आले. डॅशकॅमचा फ्यूज काढताच २५ झाले.

अँपिअर_धरमपेठ

उलगडा झाला. ११० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला अडीच अँपिअर-अवरहून थोडे जास्त, म्हणजे आपली ३५ ची बॅटरी साधारण तेरा दिवसांत रिकामी झाली आणि पुढचे तीन आठवडे ती उन्हात उपाशीच उभी राहिली. डॅशकॅम कायम वीज असलेल्या फ्यूजला जोडला गेला आहे. तो चावी फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या फ्यूजवर घ्यायला सांगा.

मात्र २५ मिलिअँपिअरनेसुद्धा पाच आठवड्यांत सुमारे एकवीस अँपिअर-अवर जातात, त्यामुळे पुन्हा दोन आठवड्यांहून अधिक काळ बाहेर जायचे झाल्यास काळे टर्मिनल सोडवून जा. घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावे लागतील, तेवढेच.

बॅटरीविषयी स्पष्ट सांगायचे तर ती वाचली आहे, पण पूर्वीसारखी झालेली नाही. दोनदा भरूनही १२.६ गाठले नाही आणि सेल्फ मारताना ९.८ पर्यंत उतरणे, तेही उन्हाळ्यात, हे ९.६ च्या धोक्याच्या रेषेला फार जवळ आहे. डिसेंबरच्या पहाटे इंजिनमधले ऑईल घट्ट असताना ती दगा देऊ शकते. वॉरंटीची मुदत शिल्लक असेल तर आत्ताच कार्ड घेऊन विक्रेत्याकडे जा आणि लोड टेस्ट, म्हणजे भाराखालची तपासणी, आपल्यासमोर करायला सांगा. बदलायचीच ठरली तर जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडेच जमा करा. तिच्यातले शिसे आणि आम्ल उघड्यावर सांडू नये, आणि नव्या बॅटरीच्या किमतीत तिचे पैसेही वळते होतात.

मनीषनगर_रहिवासी

कार्ड सापडले. मुदत अजून आठ महिने आहे. उद्या सकाळी ऊन चढण्याआधी जातो आणि लोड टेस्टचे आकडे इथे लिहितो.