‘अपू’ चित्रत्रयीच्या ब्लू-रेमध्ये मूळ निगेटिव्ह किती?

प्रश्न : सत्यजित राय यांच्या ‘अपू’ चित्रत्रयीचा क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क-प्रकाशकाने २०१५ मध्ये काढलेला ब्लू-रे संच नुकताच पाहिला. मूळ निगेटिव्ह (कॅमेऱ्यातून निघालेली पहिली फिल्म) १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतील आगीत होरपळल्या होत्या, तर मग ‘पथेर पांचाली’ इतका नितळ कसा दिसतो? ‘अपूर संसार’ त्या मानाने किंचित मऊ वाटतो. तो माझ्या टीव्हीचा दोष समजावा काय?

उत्तर १ : दोष टीव्हीचा नसावा. जळालेली, आक्रसलेली रिळे अमेरिकेतील ऑस्कर अकादमीच्या संग्रहालयाने टाकून न देता जपून ठेवली, हेच मला या साऱ्या कामातले सर्वांत मोठे शहाणपण वाटते. पुढे इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या ठिसूळ फिती ओलावा देऊन लवचिक केल्या, वितळलेला गोंद आणि मेण काढले, फितीच्या कडेची तुटलेली छिद्रे हातांनी सांधली आणि मगच ४के (अतिशय बारीक तपशिलाचे) स्कॅनिंग झाले. अशा रीतीने ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला. ‘अपूर संसार’च्या वाचलेल्या निगेटिव्ह मात्र वापरण्याजोग्या नव्हत्या, म्हणून तो चित्रपट पुढच्या पिढीच्या, म्हणजे मूळ निगेटिव्हवरून पायरीपायरीने काढलेल्या, प्रतींवरून घ्यावा लागला, आणि प्रत्येक पिढीगणिक थोडा तपशील हरवतोच.

उत्तर २ : टीव्हीमधील ‘नॉइज रिडक्शन’ (चित्रातले कण पुसणारी सोय) तेवढे बंद ठेवावे. पडद्यावरचे बारीक कण ही घाण नव्हे, ती फिल्मची मूळ पोत आहे. ती पुसली की चेहरे मेणाचे दिसू लागतात.

प्रश्नकर्ता : ते चालूच होते. बंद करून ‘अपूर संसार’ आज पुन्हा पाहतो.