औषधं देणारे, देशोदेशी फिरणारे बाबा: तुमच्या आठवणी लिहा

गेल्या महिन्यात माझे सासरे गेले. वय ९३. कँटोनीज या त्यांच्या चिनी भाषेतही वडिलांना 'बाबा'च म्हणतात, त्यामुळे लग्नानंतर हाक काय मारायची हा प्रश्न मला पडलाच नाही. अंत्यविधीनंतर त्यांच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या हातात पांढरं पाकीट दिलं. आत एक गोळी आणि एक नाणं. गोळी लगेच तोंडात टाकायची, नाणं घरी पोचायच्या आत खर्चून टाकायचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये जन्मभर औषधं दिलेल्या माणसाला निरोपही गोळीनेच, असं मनात आलं आणि नको तिथे हसू फुटलं. त्यांना चाललं असतं.

बाबा मूळचे दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या तोइसानचे. १९३९ साली, नऊ वर्षांचे असताना, एंजल आयलंडवर, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या तपासणी-बेटावर, उतरले. चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद करणारा कायदा १८८२पासूनच होता. पण १९०६च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोतले जन्माचे दाखले जळाले, आणि 'मी इथेच जन्मलो, म्हणजे इथलाच नागरिक' म्हणणाऱ्याला खोटं पाडणं अवघड झालं. नागरिकाच्या मुलांना येता येई. अशा कुणाचा तरी कागदोपत्री मुलगा बनून, त्याचं आडनाव लावून पोरं यायची. अधिकारी तासन्‌तास विचारायचे: घराला पायऱ्या किती? तांदळाचा रांजण कुठे? शेजाऱ्याचं दार कुठल्या दिशेला? उत्तरांची वही बोटीवर घोकायची आणि किनारा दिसायच्या आत समुद्रात टाकायची. त्या कधी न पाहिलेल्या घराच्या पायऱ्या बाबांना शेवटपर्यंत पाठ होत्या. स्वतःच्या घराच्या आठवत नसत.

पुढे शिकून फार्मासिस्ट झाले, पण देशाबाहेर पाऊल टाकायची छाती होईना. परतताना कुणी पुन्हा पायऱ्या विचारल्या तर? १९५६पासून सरकारने कबुली देऊन कागद सरळ करून घ्यायची सोय काढली होती, पण त्यात सगळ्या गोतावळ्याची नावं सांगावी लागत. बरीच वर्षं टाळून, अगदी शेवटी शेवटी त्यांनी कबुली दिली. त्यानंतर मात्र पायाला भिंगरीच. पेरू, इजिप्त, केनिया. दुकानाच्या दारावर हाताने लिहिलेली 'बंद'ची पाटी, आणि गडी पसार.

१९९६ला आमच्या लग्नासाठी पुण्यात आले. मंडईजवळ काष्ठौषधींचं दुकान दिसलं आणि हलेनातच. वास घेऊन, दाताखाली धरून ज्येष्ठमध ओळखलं, सुंठ, दालचिनी ओळखली. मग एक हिरडा उचलून म्हणाले, "हो-जी." दुकानदार खूश, "हो जी, हिरडाच!" चिनीत हिरड्याला हेच म्हणतात, आणि त्या नावाचं मूळ आपल्याच हरीतकीत आहे, हे मला मागाहून कळलं. त्या दिवशी मात्र एकमेकांची भाषा येते असं समजून दोघं पाऊण तास बोलत होते. हळदीला उशीर झाला.

तुमच्या माहितीत असा कुणी, गाव सोडून आलेला, औषधं देणारा, फिरस्ता? चिनीच हवा असं नाही. असला तर जास्त बरं वाटेल.

न्यू जर्सीहून
मुंबईत बी. फार्म. करून इथे आले. परवान्याची परीक्षा होईपर्यंत तैपेईहून आलेल्या एका फार्मासिस्टच्या हाताखाली होते. ट्रेवर गोळ्या ओतायच्या आणि पाच-पाच करून स्पॅट्युलाने ओढायच्या, हे सगळीकडेच करतात. हे गृहस्थ दोनदा मोजायचे आणि मग तिसऱ्यांदा मला मोजायला लावायचे. एक कमी भरली तर कपाळाला आठी, एक जास्त भरली तर दिवसभर धुसफूस. घरी जेवायला बोलावलं तेव्हा साबुदाणे वडेसुद्धा पानात पाचच घेतले. प्रेमळ वगैरे मुळीच नव्हते, उगीच गोड कशाला लिहू. परीक्षा पास झाल्याचं सांगितलं तर म्हणाले, "बरं. आता दोनदाच मोजू."

सिंगापूरहून
डोकं दुखलं की आपण लावतो तो वाघछाप बामही असाच एका स्थलांतरित बापाकडून आलेला. ओ चू किन नावाचे वैद्य फुजियानहून रंगूनला आले, तिथे औषधांचं दुकान थाटलं. १९०८ साली ते गेले. मुलांनी, बून हॉ आणि बून पार यांनी, बामला नाव मिळवून दिलं आणि पुढे धंदा इकडे सिंगापूरला आणला. 'हॉ' म्हणजे वाघ. तेव्हा डबीवरचा वाघ थोरल्याच्या नावातला!
आमच्या खालच्या चिनी औषधवाल्या काकांची एक खूण सांगते. कडू काढ्याच्या पुडीबरोबर पोरांसाठी गुलाबी चकत्यांची सुरळी ठेवायचे, त्या आंबटगोड फळाच्या. माझा मुलगा काढा ओतून द्यायचा आणि चकत्या खायचा.

मॉरिशसहून
आमच्या मराठी घराला औषध म्हणजे 'लाबुतिक सिनवा', चिन्याचं दुकान. तांदूळ, रॉकेल, मलम सगळं तिथेच आणि उधारी वहीत. म्हातारा हक्का, म्हणजे दक्षिण चीनमधल्या एका समाजाचा होता, आमच्याशी क्रिओल, आजीशी भोजपुरी. फार्मसीची पदवी त्याच्या मुलाने घेतली. आजी मात्र शेवटपर्यंत बापालाच विचारायची.

पुण्याहून
सगळे फिरस्त्या बाबांचं कौतुक करताय म्हणून विचारते. ती 'बंद'ची पाटी लागायची तेव्हा घरी कोण असायचं?

धागाकर्ती
सासूबाई. बरोबर पकडलंत. चाळीसेक देशांपैकी त्या चार पाहून आल्या. पाटी असली तरी म्हाताऱ्या मागच्या दाराने यायच्याच, त्यांना चहा आणि खोकल्याच्या वड्या सासूबाई देत. बाबांचे फोटो आले की त्या आधी तारीख बघायच्या, मग डोंगर.

माझगावहून
माझे वडील गोदीजवळच्या दवाखान्यात कंपाउंडर. त्यांचा दोस्त एक चिनी खलाशी, बोट सोडून मुंबईत राहिलेला. जहाजावर औषधाची पेटी सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत. रिओपासून कोबेपर्यंतची बंदरं पाहिलेला माणूस. १९६२नंतर त्याला पोलिसात हजेरी लागू लागली, शहराबाहेर जायला परवानगी. वडिलांनी मला लोणावळ्याला नेलं तेव्हा तो म्हणाला, "चिक्की आण, मला तेवढंच लोणावळं." त्याच्यासारखे पुष्कळ राजस्थानात देवळीच्या छावणीत नेले, हा त्यातून वाचला.
नवाब टँकजवळचं १९१९चं चिनी देऊळ, सी यप कून, अजून आहे. नववर्षाला तो मला तिथे न्यायचा. लाल भिंती, उदबत्त्यांचा धूर.

धागाकर्ती
माझगावकर, तुमचं लिहिणं नवऱ्याला वाचून दाखवलं. सी यप म्हणजे चार तालुके. त्यातला एक तोइसान.
१९९६ला परतीच्या दिवशी मुंबईत बाबा दुपारभर गायब होते. शर्टाला राख लागलेली, विचारलं तर "फिरत होतो." अल्बममध्ये लाल भिंतींचा एक फोटो आहे, आम्ही तो पेनांगचा समजत होतो. मागे त्यांच्या हातची दोन चिनी अक्षरं. आत्ता नवऱ्याने दिव्याखाली धरून वाचली.
सी यप.