अनुभव धागा: हॅमस्टर पाळण्यातली गंमत

ऑफिसातून रात्री नऊला घरी पोचणाऱ्याला कुत्रा झेपत नाही, मांजर घरमालकाला चालत नाही. हॅमस्टर हा उंदरासारखा छोटा प्राणी मात्र नेमका त्याच सुमारास आळोखेपिळोखे देत बाहेर येतो. पाळणाऱ्यांनी इथे लिहा. 'कित्ती गोड' पुरे झालं. मापं, प्रमाणं आणि हमखास होणाऱ्या चुका येऊ द्या.

बिळेश्वर
खरी करमणूक खोदकामात आहे आणि दुकानातला वीतभर पिंजरा तीच मारतो. सीरियन हॅमस्टरला (पाळीव हॅमस्टरांतली मोठी जात) निदान १०० बाय ५० सेंमी जागा द्या. तळाशी २०-२५ सेंमी कागदी बेडिंग (अंथरूण) किंवा अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडाचा भुसा, हाताने दाबून भरलेला. सैल टाकला की बोगदा ढासळतो आणि तो खोदणं सोडून गज चावत बसतो. चीड-देवदाराचा वासाचा भुसा नको, श्वासाला त्रास होतो. कापूस तर मुळीच नको, तंतू पायाला गुंडाळून रक्त अडतं.

चक्रधर
चाक सीरियनला २८ सेंमी, बुटक्या जातींना २० सेंमी व्यासाचं. पळताना पाठ मागे वाकत असेल तर चाक लहान आहे. धावपट्टी सलग हवी. तारांच्या चाकात पाय अडकून मोडतो. रात्री कुईकुई झाली तर आसाला खोबरेल तेलाचा थेंब लावा. थंडीत ते थिजतं, तेव्हा तिळाचं.

एकटा जीव
'जोडीने घ्या, एकटा कंटाळतो' असं दुकानदार सांगतो. सीरियनच्या बाबतीत हे साफ खोटं. १९३०मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळच्या शेतातून पिल्लांसह एक मादी खणून काढली, पाळीव सीरियन बहुतेक सगळे तिच्याच वंशातले. रानात हे एका बिळात एकच राहतात. आठ-दहा आठवड्यांनंतर दोघं एकत्र ठेवलेत तर रक्तपात ठरलेला. आणि नर-मादी असतील तर सोळा दिवसांत पिल्लं.

विदर्भातून
एप्रिल-मे हा खरा पेपर. तिशीच्या वर पारा गेला की हॅमस्टर बीळ सोडून तळाशी सपाट पसरतो. त्याला घाम येत नाही, त्यामुळे नुसता पंखा फारसा उपयोगी नाही. शहाबादी फरशीचा तुकडा थोडा वेळ फ्रिजमध्ये गार करून आत ठेवा, मातीचं लहान मडकं आडवं टाका, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवा. कूलरसमोर पिंजरा नको. दमटपणाने बेडिंगला बुरशी धरते.

भरलेले गाल
सीरियनला दिवसाला साधारण १० ग्रॅम कोरडं खाणं: ज्वारी, बाजरी, राळं, ओट्स, थोड्या भोपळ्याच्या बिया. आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा. सूर्यफुलाच्या बिया खाऊ म्हणूनच. कांदा, लसूण, लिंबू-संत्रं आणि कच्चा राजमा वर्ज्य. दाणे वाटीत न ठेवता भुशात विखुरा. मग पाहावं: हुंगत येतो, गाल खांद्यापर्यंत फुगवतो, कोपऱ्यात जाऊन पुढच्या पंजांनी गाल मागून पुढे दाबतो आणि एकेक दाणा बाहेर. ओलं खाणंही असंच पुरतो, म्हणून काकडीची चकती सकाळी शोधून काढा, नाहीतर मुंग्या शोधतात. मुंग्यांवर उपाय दुधाच्या पातेल्याचाच: स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

@भरलेले गाल
त्याने पुरलेला दाण्यांचा साठा मात्र सगळा उपसू नका. साफसफाईत एक-तृतीयांशच बेडिंग बदला. स्वतःचा वास नाहीसा झाला की तो दोन दिवस सैरभैर होतो. वास येतो तो बहुधा मुतायच्या एकाच कोपऱ्याला. तिथे वाळूचं ताट ठेवा, काम निम्म्यावर येतं. वाळू चाळून, धुऊन, कढईत भाजून घ्यावी. पावडरीसारखी बारीक धूळ नको, फुप्फुसात जाते.

हळूबाई
पहिले तीन दिवस हात लावू नका. मग तळहातावर बी ठेवून हात स्थिर ठेवायचा. वरून झडप घातली की त्याला घार वाटते. दोन्ही हातांची ओंजळ करून खालून उचला. नजर अधू, त्यामुळे टेबलाच्या कडेवरून सरळ चालत जातो. फरशीवर बसूनच खेळवा.

औषधपेटी
सीरियनच्या कमरेजवळचे दोन काळे ठिपके म्हणजे गंधग्रंथी, गोचीड नव्हे. चिमट्याने ओढू नका! शेपटीखाली ओलं आणि जुलाब दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर, एक-दोन दिवसांत जीव जातो. घरातलं अमॉक्सिसिलिन (माणसांचं अँटिबायोटिक) चुकूनही नको. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून हॅमस्टरच दगावतो.

बिळेश्वर
एक राहिलं, पळाला तर. बादलीच्या तळाशी चार बोटं भुसा आणि शेंगदाणा, बाहेरून पुस्तकांच्या पायऱ्या काठापर्यंत. दिवे बंद, मोरीची जाळी झाकलेली. रात्रीत वर चढून आत उतरतो. सकाळी बादलीतच झोपलेला सापडतो.