घरच्या चित्रफितींसाठी कोणता सर्व्हर?

लष्करचे काका
सर्वांस नमस्कार. लग्नकार्यांच्या आणि मुंजींच्या ४२ डीव्हीडी व आप्पांच्या गाण्याच्या बैठकींच्या कॅसेटी आता संगणकावर उतरवून झाल्या असून सर्व काही एका हार्ड डिस्कवर आहे. ही डिस्क ज्याने त्याने मागायची, नेऊन टीव्हीला लावायची आणि परत करायला विसरायचे, हे मला नको आहे. ग्वाल्हेरला दौलतगंजच्या वाड्यात एक लहान संगणक कायम चालू ठेवून त्यावरून सर्वांना पाहता-ऐकता यावे, एवढे ठरले आहे. पण त्यावर सर्व्हरचे, म्हणजे चित्रफिती इतरांच्या टीव्ही-फोनवर पोचवणारे, सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, प्लेक्स, एम्बी की जेलीफिन, याबाबत एकमत नाही. आपापले मत कारणांसह कळवावे.

बंगळुरूचा दादा
माझे मत प्लेक्सला. बहुतेक स्मार्ट टीव्हींवर त्याचे अ‍ॅप सहज मिळते, मांडणी स्वच्छ आहे आणि संगीतासाठी प्लेक्सॅम्प हे वेगळे अ‍ॅप आहे, जे आप्पांच्या गाण्याला शोभेल. आत्याच्या हाती रिमोट देऊन आपण निर्धास्त राहावे, हा निकष मी सर्वांत वर ठेवतो.

मी
दादा, तुझा निकष मान्य आहे आणि वापरायच्या सोपेपणात प्लेक्स पुढे आहे, हेही मान्य. परंतु २९ एप्रिल २०२५ पासून स्वतःच्याच फाइली घराबाहेरून पाहायच्या असतील, तर सर्व्हर चालवणाऱ्याकडे प्लेक्स पास, म्हणजे त्यांचे सशुल्क सदस्यत्व, तरी हवा किंवा पाहणाऱ्याने वेगळे शुल्क तरी भरायला हवे. आजीवन पासाची किंमतही त्याच वेळी ११९.९९ डॉलरवरून २४९.९९ डॉलर झाली. पैशांपेक्षा मला खटकते ते हे, की आपल्या वाड्यातील चित्रफीत आपल्याच माणसाला दाखवण्याचे नियम दुसऱ्या कुणीतरी ठरवायचे आणि तेही मध्येच बदलायचे. शिवाय प्लेक्समध्ये पाहणाऱ्याची ओळख त्यांच्याकडील खात्यावरून पटवली जाते. इंटरनेट बंद असताना घरातल्या घरात पाहण्याची सोय त्यात करता येते, पण ती आधी आठवणीने करून ठेवावी लागते, आणि इकडे उन्हाळ्यात वीज व इंटरनेट दोन्ही किती भरवशाचे असतात, हे काका सांगतीलच.

एम्बीचा विचार मी फार केला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये एम्बीने आपला स्रोत, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ कोड, इतरांसाठी बंद केला, तेव्हा त्याच्या शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून काही स्वयंसेवकांनी जेलीफिन वेगळे काढले. म्हणजे दोघे एकाच घरातून वाटण्या होऊन निघालेले. त्यांपैकी जेलीफिन पूर्णपणे मोफत आणि खुले आहे, खाती आपल्याच संगणकावर राहतात आणि हार्डवेअरच्या साहाय्याने होणाऱ्या ट्रान्सकोडिंगला वेगळे पैसे पडत नाहीत. प्लेक्स आणि एम्बी दोघेही ते सशुल्क योजनेत देतात.

हे ट्रान्सकोडिंग समजून घेतल्याशिवाय निवड करू नये. टीव्हीला न झेपणारी फाइल सर्व्हर पाहता पाहता बदलून पाठवतो, त्याला ते नाव आहे. आपल्या डीव्हीडी जुन्या एमपेग-२ पद्धतीच्या, ७२० बाय ५७६ च्या आहेत. त्या बदलणे साध्या प्रोसेसरलाही जड जात नाही. फक्त त्या इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेल्या, असल्यामुळे ते भाग नीट जुळवणारे डीइंटरलेसिंग चालू ठेवावे लागेल, नाहीतर वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्याचे दात फुटलेले दिसतात. खरी परीक्षा आहे ती अलीकडच्या लग्नांची, जी मुलांनी फोनवर ४के या मोठ्या आकारात आणि एचईव्हीसी या नव्या, अधिक दाबून साठवणाऱ्या पद्धतीत टिपली आहेत. यासाठी रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा संगणक घेऊ नये, कारण त्यात हार्डवेअर एन्कोडर, म्हणजे चित्रफीत नव्या रूपात बांधणारा खास भाग, नाही. इंटेल एन१०० प्रोसेसरचा लहान संगणक पुरे होईल. असा संगणक सरासरी दहा वॅट घेतो असे धरले, तरी महिन्याला सात-आठ युनिटांपलीकडे खर्च नाही.

लष्करचे काका
विजेचा हिशेब पटला. मात्र मे महिन्यात माडीवरच्या खोलीत पंखाही गरम हवा फेकतो, तेव्हा ही पेटी तळघरात ठेवावी आणि इन्व्हर्टरवर घ्यावी, असे सुचवतो.

मी
अगदी योग्य, काका. जेलीफिन आपली सर्व नोंद एका डेटाबेसमध्ये ठेवते आणि लिहिणे चालू असताना वीज गेली, तर तो बिघडू शकतो. फक्त तळघरात वायफाय पोचत नाही, म्हणून राउटरपासून केबल टाकावी लागेल.

ठाण्याची ताई
आम्ही बाहेरगावचे लोक कसे पाहणार? जेलीफिनमध्ये ती सोय नाही, असे मी ऐकले होते.

मी
ताई, सोय आहे, पण ती आपण करून घ्यावी लागते. अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटून देतात, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडले तरी बाहेरून वाड्यापर्यंत वाट मिळत नाही. आणि मिळाली, तरी जेलीफिनचे ८०९६ क्रमांकाचे पोर्ट जगासमोर उघडे टाकू नये, असेच मी म्हणेन. त्याऐवजी टेलस्केल नावाचे सॉफ्टवेअर वाड्यातल्या संगणकावर आणि प्रत्येकाच्या फोनवर वा टीव्हीवर बसवून एक खासगी जाळे करता येते. आपल्यासारख्यांना ते मोफत पुरते. दादा, इथे तुझा मुद्दा खरा ठरतो, कारण प्लेक्समध्ये हे अधिकचे अ‍ॅप लागत नाही. पण हा त्रास प्रत्येक घरी एकदाच आहे आणि दिवाळीत सगळे एकत्र जमलो, की मी प्रत्येकाचा फोन बसून लावून देईन.

बंगळुरूचा दादा
तू लावून देणार असशील, तर माझा विरोध मागे घेतो. पण आत्याचा टीव्ही?

मुरारची आत्या
माझ्या टीव्हीची काळजी नको, त्याला अँड्रॉइडची काडी लावलेली आहे. मला वेगळेच विचारायचे आहे. मागे तू दाखवलेस, तेव्हा आप्पांच्या एकसष्टीच्या नावाखाली बंदूक घेतलेल्या कुणा गोऱ्याचे चित्र होते. ते तसेच राहणार आहे का?

मी
आत्या, ती माझी चूक. मी ती फाइल चित्रपटांच्या विभागात टाकली होती आणि तिथे सॉफ्टवेअर फाइलच्या नावावरून टीएमडीबी या चित्रपट-सूचीत मिळतेजुळते शोधून चित्र चिकटवते. घरगुती चित्रफितींचा विभाग वेगळा केला, की हा शोध होत नाही. वर्णन मी एनएफओ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, मूळ फाइलच्या शेजारीच, देवनागरीत ठेवणार आहे; उद्या जेलीफिन सोडून दुसरीकडे जावे लागले, तरी लिहिलेले वाया जाऊ नये म्हणून. कुणाच्याही खात्याला फाइल पुसण्याची परवानगी देणार नाही. आणि हा सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे, तेव्हा काकांनी मूळ डिस्क कपाटात तशीच ठेवावी.

बैठकींचे काम मात्र अवघड आहे. संगीताच्या विभागात मांडणी फाइलमधील टॅगवर, म्हणजे आत लिहून ठेवलेल्या माहितीवर, चालते. राग, बंदिश, साथीदार आणि वर्ष लिहिलेले नसेल, तर सर्व बैठका एकाच निनावी ढिगाऱ्यात जातात. निम्म्या कॅसेटींवर केवळ ‘आप्पा, बागेश्री’ एवढेच आहे.

लष्करचे काका
तर मग जेलीफिन निश्चित समजावे. एन१०० चा संगणक मी पुढच्या आठवड्यात पाहतो. बागेश्रीच्या एकूण पाच कॅसेटी आहेत. त्यांतील निळ्या खोक्याची माझ्या अंदाजाने १९९१ ची.

मुरारची आत्या
ती १९८८ ची. मागे तंबोऱ्यावर मी आहे आणि माझे लग्न ८९ चे. बाकीच्या चार मला फोनवर ऐकव, ओळखून सांगते.