हे डीएनएच आहे कशावरून?

नववीचा मास्तर
वर्गात ४२ मुलं, ४० मिनिटांचा तास, आणि प्रयोगशाळा म्हणजे एक बेसिन आणि दोन कपाटं. तरी हट्टाने स्ट्रॉबेरीतून डीएनए काढला. फळ पिशवीत कुस्करलं, भांडी घासायचा लिक्विड साबण आणि मीठ विरघळवलेलं पाणी घातलं, गाळलं, कडेने गार अल्कोहोल सोडलं. पांढरे तंतू वर आले. मुलं हरखली, मीही. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणते, "सर, हे डीएनएच कशावरून? साबणाचा फेस नसेल कशावरून?" घंटा झाली म्हणून वाचलो. आता तिला काय सांगू? "पुस्तकात लिहिलंय" म्हणायची लाज वाटते.

प्रयोगवेडी
मिथिलीन ब्लू या निळ्या रंजकाचा थेंब टाका. गोळा निळा झाला की डीएनए. आम्ही तेच करतो.

जुना लॅब असिस्टंट
ताई, गोची तिथेच आहे. मिथिलीन ब्लू धनप्रभारित, म्हणून डीएनएला चिकटतो. पण फळातलं पेक्टिनही (पेशींच्या भिंतीतला चिकट पदार्थ) ऋणप्रभारितच, आणि तेही अल्कोहोलमध्ये गोळा होतं. त्या पांढऱ्या लोळ्यात डीएनए, आरएनए, प्रथिनं, पेक्टिन, सगळी खिचडी असते. निळं झालं म्हणून काही सिद्ध होत नाही.

डायफिनाइलअमाइनची चाचणी डीएनएतली साखर ओळखते, पण तिला तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं आणि नळी तापवावी लागते. मुलांच्या हातात अजिबात देऊ नका.

सर, त्या मुलीलाच कामाला लावा. चार नळ्या: एकीत सगळं, एकीत साबण नाही, एकीत मीठ नाही, एकीत फळच नाही. फेसाची शंका चौथ्या नळीत मिटेल. साबण पेशीची आणि केंद्रकाची पटलं फोडतो, मीठ डीएनएचा ऋणप्रभार झाकतं म्हणून धागे एकमेकांजवळ येतात. हे सांगण्यापेक्षा नळ्यांतला फरक बघू दे. आणि हो, अल्कोहोल काढलंत की बर्नर बंद.

नववीचा मास्तर
केलं! फळाविना नळीत धागे नाहीत. पण साबण नसलेल्या नळीतही थोडं पांढरं आलंच. मुलगी ठाम: "हे पेक्टिन." दुसरा गट म्हणतो, कुस्करतानाच काही पेशी फुटल्या असतील. तासभर भांडले, मी गप्प बसलो (जे मला सहसा जमत नाही).

जुना लॅब असिस्टंट
दोघांचंही खरं असू शकतं. फळांचा रस नितळ करायला पेक्टिनेज नावाचं विकर (एन्झाइम) वापरतात. ते लगद्यात घालून थोडा वेळ कोमट ठेवा, मग गाळा. पेक्टिनचे तुकडे झाले की ते तसं गोळा होत नाही. शेजारी एक नळी उकळून निकामी केलेल्या पेक्टिनेजची ठेवा, नाहीतर ती पुन्हा "कशावरून" विचारेल.