मदत हवी आहे: इंजिन तापलं की गाडी बंद पडते, शिवाय डॅशबोर्डचे दिवे मिचमिचतात

सुकाणू:
गाडी २००३ची, पेट्रोल, चार सिलिंडर, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर). तक्रारी दोन आहेत. मूळ एकच की वेगवेगळं, ते कळत नाही.

थंड इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होतं. अर्धा-पाऊण तास चालवली की चालता चालता एकदम बंद. आचके नाहीत, मिसफायर नाही, कुणी चावी फिरवून बंद करावी तशी. मग सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. वीस मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू होते.

दुसरं म्हणजे, इंडिकेटर लावला की डॅशबोर्डचे दिवे त्याच्या तालावर मिचमिचतात आणि रात्री बॅटरीचा लाल दिवा अगदी मंद पेटलेला दिसतो.

स्कॅनरवर कोड नाही. प्लग, पेट्रोल फिल्टर, बॅटरी नवीन. आता फ्यूएल पंप बदला असा सल्ला मिळतोय. बदलू का?

दहाचा_पाना:
पंपाला इतक्यात हात लावू नका. पंप कमजोर होतो तेव्हा गाडी सहसा आधी ओढ सोडते, अडखळते. एका क्षणात बंद म्हणजे क्रँक सेन्सर (इंजिन किती आणि कुठे फिरतंय ते सांगणारा), कॉइल (प्लगला ठिणगी पुरवणारी) किंवा मेन रिलेवर (इंजिनाच्या यंत्रणेला वीज देणारा स्विच) पहिला संशय. कोड नाही यावर विसंबू नका. बऱ्याच जुन्या ईसीयूंना (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरना) सिग्नल गेला आणि इंजिन थांबलं यातला फरकच कळत नाही.

रिकाम्या रस्त्यावर चालवा. बंद पडेल तेव्हा क्लच दाबण्याआधी आरपीएमचा काटा बघा. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकं इंजिनाला फिरवत असतात. तरीही काटा धपकन शून्यावर आला तर इग्निशनचा सिग्नल गेला. वेगाबरोबर हळूहळू उतरला तर मात्र पेट्रोलकडे वळा. (ब्रेक आणि स्टिअरिंग जड होईल, तयारीत राहा.)

लगेच बाजूला घेऊन, गरम असतानाच, क्रँक सेन्सरचा कनेक्टर काढा. दोन वायरचा असेल तर सेन्सरच्या बाजूने ओहम मोजा. बहुतेकांचा आकडा ५०० ते १५०० च्या दरम्यान असतो, नेमका तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. गरम असताना थोडा वाढलेला दिसला तर घाबरू नका: तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ६० अंशांनी तापल्यावर पाव हिस्सा जास्त येणारच. 'ओएल' (म्हणजे सर्किट तुटलेलं) आलं तर आतली गुंडाळी तापून तुटते आणि निवली की पुन्हा जुळते. तीन वायरचा असेल तर तो बहुधा हॉल सेन्सर (आत गुंडाळीऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप), त्याला ओहम लावण्यात अर्थ नाही.

तांबडी_वायर:
वरच्याशी सहमत, पण दिव्यांचा मामला अर्थिंगचा वाटतो. ते ओहमवर तपासू नका. अर्थच्या पट्टीतली (बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला किंवा इंजिनाला जोडणाऱ्या वायरीतली) एकच तार शाबूत असली तरी मीटर जवळजवळ शून्य दाखवतं, आणि २० अँपिअर सोडले की तीच पट्टी व्होल्टेज खाते. म्हणून व्होल्टेज ड्रॉप मोजा.

इंजिन १५०० आरपीएमवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुंटीवर), दुसरं आधी इंजिन ब्लॉकवर, मग बॉडीच्या उघड्या धातूवर. दोन्हीकडे ०.१ व्होल्टच्या आसपास हवं. बॅटरीवर १३.८ ते १४.५ येतंय ना तेही बघा.

सुकाणू:
काटा धपकन शून्यावर. सेन्सर दोन वायरचा, थंड ८६०, गरम ओएल. निगेटिव्ह ते ब्लॉक ०.०६, निगेटिव्ह ते बॉडी ०.७४. बॅटरीवर १४.१.

दहाचा_पाना:
म्हणजे दोन वेगळे आजार. सेन्सर बदला. बसवायची जागा पुसून घ्या, जुन्याच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटलेला असतो, तो रिंगच्या (सेन्सर जिचे दात वाचतो त्या चकतीच्या) बाजूला पडू देऊ नका. वायर सायलेन्सरच्या पाइपापासून आणि प्लगच्या वायरींपासून लांब, मूळ क्लिपमध्येच अडकवा.

तांबडी_वायर:
०.७४ बॉडीच्या अर्थवर जातोय. बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, मग बॅटरीपासून बॉडीला येणारी वायर काढा. दोन्ही टोकं आणि बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, रंग राहता कामा नये. लगमध्ये (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीत) तारा हिरव्या पडल्या असतील तर घासून उपयोग नाही, वायरच नवीन टाका. आधी घट्ट आवळा, मगच वरून व्हॅसलीन. पुन्हा मोजा.

एवढं करूनही लाल दिवा मंद पेटला तर अल्टरनेटरच्या जाड वायरपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत आणि चावीच्या स्विचमधून किती व्होल्ट गळतात ते बघा. तिथेही ठीक असेल तर मीटर एसीवर घेऊन बॅटरीवर लावा: चालू इंजिनवर ०.५ व्होल्टच्या वर दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय.