मदत हवी आहे: रिपोर्ट स्वच्छ जातोय, पण मी स्वच्छ नाही

सलाम सगळ्यांना. हा आयडी नवीन काढलाय कारण जुन्या आयडीवर आमच्या चर्चच्या मंडळीतले तीन-चार जण मला ओळखतात. विषय काहींना घाण वाटेल, तरी ॲडमिननी कृपया धागा उडवू नका, मदत खरंच हवी आहे.

वय ३४, लग्नाला सहा वर्षं, एक मुलगी. राहतो नागपुरात सदरजवळ, नोकरी मिहानच्या औद्योगिक भागात शिफ्टची. पॉर्नची सवय कॉलेजपासून आहे. आधी सायबर कॅफे, मग मित्रांचं मेमरी कार्ड, आणि २०१६ ला जिओ आल्यावर डेटा फुकटात झाला तेव्हापासून तर काही धरबंदच राहिला नाही. वाटलं होतं लग्न झालं की सुटेल. नाही सुटलं. उपास केले, पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतली, स्मार्टफोन विकून बटणवाला घेतला, तो दीड महिना चालला आणि मग ऑफिसच्या लॉगिनसाठी परत स्मार्टफोन घ्यावाच लागला.

मागच्या वर्षी एका ऑनलाइन मराठी प्रार्थना गटात पुण्याचे एक भाऊ भेटले, त्यांचाही हाच लढा. आम्ही दोघांनी अकाउंटॅबिलिटीचं ॲप टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे ॲप साइट नुसती ब्लॉक करत नाही, स्क्रीनवर काय चाललंय ते बघत राहतं, त्याचे धूसर केलेले फोटो आणि रिपोर्ट आपण नेमलेल्या माणसाकडे जातात, ॲप काढलं तरी त्याला कळतं. अमेरिकेत कव्हेनंट आईज नावाचं २००० सालापासून आहे, आता तशी बरीच आहेत. माझे रिपोर्ट पुण्याला, त्यांचे माझ्याकडे, दर रविवारी सकाळी. पहिले पाच महिने मी खरंच सुटलो होतो. ब्लॉक केलेलं उघडायच्या हजार वाटा असतात हो, पण कोणीतरी आपला भाऊ हे बघेल म्हटलं की हात थांबतो.

मग मे महिन्यात काय झालं, मुलगी ज्या जुन्या फोनवर कार्टून बघते तो फोन मला दिसला. त्यावर ॲप नाही. रात्री दीड वाजता कूलरमधे पाणी टाकून येतो म्हणून उठलो, बायकोने झोपेतच हं केलं, आणि मी तो फोन घेऊन गॅलरीत. पंपाचा आवाज चालू होता म्हणून कोणाला काही ऐकू जायचा प्रश्न नव्हता. फोनच्या मागे तिचं फुलपाखराचं स्टिकर आहे, ते बोटाला लागत होतं. त्यानंतर किती वेळा, ते लिहवत नाही.

आणि दर रविवारी पुण्याहून मेसेज येतो, "भाऊ, रिपोर्ट एकदम स्वच्छ, प्रभूची स्तुती असो." गेल्या रविवारी तो वाचला आणि चहा घशाखाली उतरला नाही. उपासनेला गेलो, प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या नावाने भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, पुढे गेलोच नाही, बायकोने वळून पाहिलं तर पोट बिघडलंय म्हणालो. आता मंडळीतही खोटं बोलून राहिलो मी.

इथे कोणाला सांगायचं हाच मोठा प्रश्न आहे. १९७० ला सीएनआय, म्हणजे आमची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली ती आमच्या सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमधे, माझे आजोबा तिथे हजर होते, त्यांचे मित्र, मित्रांची नातवंडं, सगळे अजून इथेच. आमच्या पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, मिसेस माझ्या सासूच्या मावसबहीण. एकाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत मोहननगर पार होते गोष्ट. म्हणून तर ऑनलाइन माणूस शोधला होता. पण तो इतका लांब आहे की मी त्याला फसवू शकतो. मंडळीतल्या कोणाला धरू का? बायकोला सांगू का? सांगितलं तर रिपोर्ट तिच्याकडेच लावू का? तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

प्रतिसाद १

भाऊ, बाकीचं मोठे लोक सांगतील, मी फक्त फोनचं सांगतो, तेच काम करतो मी. पोरीच्या फोनला गुगल फॅमिली लिंक लावा, पालकांनी मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं ॲप आहे ते, आणि पालक म्हणून वहिनींचं अकाउंट टाका, तुमचं नाही. घरच्या वायफाय राउटरमधे डीएनएस, म्हणजे साइटचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, १.१.१.३ टाका, क्लाउडफ्लेअरचं आहे, फुकट आहे, अडल्ट साइट घरातल्या सगळ्याच फोनवर बंद. शेवटी ३ च पाहिजे, १.१.१.१ टाकलं तर काहीच अडणार नाही. मोबाइल डेटावर हे चालत नाही, त्यासाठी फोनच्या सेटिंगमधे प्रायव्हेट डीएनएस वेगळं टाकावं लागते. टेलिग्राम, इन्स्टावर जे येते ते यानं थांबत नाही हे आधीच सांगतो. आणि एक, बऱ्याच फोनमधे बॅटरी वाचवायच्या नादात फोनची सिस्टीमच त्या रिपोर्टवाल्या ॲपला मागच्या मागे मारून टाकते, मग रिपोर्ट रिकामा जातो आणि समोरच्याला वाटते सगळं ठीक आहे. त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा.

प्रतिसाद २

मी ख्रिस्ती नाही, समुपदेशक आहे, नागपुरातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मधे, म्हणजे २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत, कंपल्सिव्ह सेक्शुअल बिहेव्हियर डिसऑर्डर, म्हणजे लैंगिक वर्तन आवरता न येण्याचा विकार, आहे. पण त्यात हेही स्पष्ट म्हटलंय की त्रास फक्त "हे पाप आहे" एवढ्याच भावनेतून होत असेल तर तेवढ्यावर निदान करायचं नाही. सहा महिने किंवा जास्त काळ आवरता येत नसेल, झोप, काम, संसार यांवर परिणाम होत असेल, तर बघतात. तुमचं काय आहे ते इथे बसून मी ठरवणार नाही. नैराश्य असेल, शिफ्टमुळे झोपेची वाट लागली असेल तर ते आधी धरावं लागतं. तुमच्या पोस्टमधे शिफ्टचा एक शब्दात उल्लेख आहे, मला तो महत्त्वाचा वाटतो. ओळखीचं कोणी भेटेल ही भीती असेल तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रतिसाद ३

बेटा, मी विदर्भातल्याच एका मंडळीत पाळक आहे आणि वीस वर्षांपूर्वी मी स्वतः यात होतो. तेव्हा ॲप नव्हतं, बाजूच्या गावचे एक मास्तर होते, दर सोमवारी एसटीने त्यांच्याकडे जायचो. ही काही नवीन पद्धत नाही. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींनी १७३८ मधे छोट्या गटांसाठी नियम लिहिले, त्यात दर आठवड्याला एकमेकांना विचारायचं होतं की मागच्या भेटीनंतर कोणतं पाप घडलं. पवित्र शास्त्रात याकोब ५:१६ मधेही एकमेकांजवळ कबुली द्या असंच आहे, पाळकाजवळच द्या असं नाही. म्हणून आपल्याच मंडळीतला माणूस हवा असं नाही. कामठीचा चालेल, दुसऱ्या पंथाचा चालेल, पण दर आठवड्याला समोर बसून तुझ्या डोळ्यांत बघणारा हवा.

बायकोला खरं सांग, पण रिपोर्ट तिच्याकडे लावू नको. ती बायको आहे, तिला पोलीस करू नको, दर रविवारी तुझा रिपोर्ट उघडताना तिचं काय होईल ते बघ. सांगताना बारीकसारीक वर्णन नको, काय बघितलं ते नको, किती दिवसांपासून आणि काय उपाय करतोयस ते सांग. ती रडेल, चिडेल, माहेरी जाते म्हणेल. तेव्हा क्षमा मागून घ्यायची घाई करू नको. आणि सगळ्यात आधी पुण्याला फोन कर, आजच.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. राउटरचं काल रात्रीच केलं. जुना फोन कपाटात कुलपात ठेवलाय, किल्ली अजून माझ्याकडेच आहे, वहिनींना म्हणजे माझ्या बायकोला सांगितल्यावर ती देईन आणि फॅमिली लिंकही तेव्हाच.

पुण्याला काल फोन केला. सगळं सांगितलं, त्या फोनचं, स्टिकरचं, मे महिन्यापासूनचं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही, मला वाटलं कट झाला. मग म्हणाले, "भाऊ, मी पण तीन आठवड्यांपूर्वी पडलो, ऑफिसच्या लॅपटॉपवर. तुझा रिपोर्ट दर वेळी इतका स्वच्छ यायचा की मला तोंड उघडायची हिंमतच झाली नाही." मी पूर्ण वेळ धरून बसलो होतो की माझ्या खोटेपणाने माझंच नुकसान होतंय. हा माणूस तिकडे माझ्यामुळे एकटा पडला होता. दोघंही रडलो फोनवर, मग प्रार्थना केली. आता दर बुधवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉल ठरलाय, आधी तोंडी सांगायचं आणि मग रिपोर्ट उघडायचा.

पाळकसाहेब, कामठीत माझा एक जुना वर्गमित्र आहे, कॅथलिक आहे, शुक्रवारी त्याच्याकडे जातोय. बायकोचं शनिवारी ठरवलंय, सासूबाई मुलीला घेऊन जाणार आहेत म्हणून घरी आम्ही दोघंच असू. एकच विचारायचं राहिलं, ज्यांनी सांगितलंय त्यांनी कृपया लिहा: तो फोन मुलीचा होता हे पण सांगू का? मला वाटतं बाकी सगळं ती एक वेळ सोसेल, ते नाही सोसणार. पण ते लपवलं तर परत एक खोटा रिपोर्टच झाला नं.